बारा जणांचा एक निबंध

कोपरी, ठाणे पूर्व
२० मे २०२५

चि. अनिमेष,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून ते या पत्रात नाहीत. पुढचं मात्र खाली बसून वाच. उभ्या उभ्या वाचायची तुझी सवय जुनी आहे, आणि आता तेच तू पोरांना फी घेऊन शिकवतोस.

फोन तू उचलत नाहीस. फॅमिली ग्रुपवर मी यापुढे एक अक्षर टाकणार नाही. वल्लरीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, मी तुमच्या दोघांच्या मध्ये पडत नाही." शहाणी आहे सून माझी. राहिलं पोस्ट.

काल दुपारी रसिका आली होती. रसिका कोण ते तुला नीट माहीत आहे, तरी सांगते, कारण तुझ्या लेखी ती माणूस नसून 'नमुना क्रमांक चार' आहे. आमच्या सोसायटीच्या गेटवर धोंडीबा असतो ना, त्याची ही मुलगी. कल्याणजवळ मोहन्याला राहतात. धोंडीबा तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होता, तो बंद पडल्यावर गेटवरची नोकरी धरली. गेल्या वर्षी त्याने मला विचारलं होतं, "बाई, पोरगी हुशार हाय, पर इंग्रजीचा उतारा वाचाय बसली की घामाघूम हुती. जरा बघता का?" बघितलं. आठवड्यातून तीन दिवस, दहा महिने. एका खासगी विद्यापीठाच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा, तिच्यात वाचनाचे चाळीस गुण आणि लेखनाचे पन्नास. पास झाली तर पाच वर्षं फी माफ, हॉस्टेल फुकट. दुसरीकडे तिने अर्ज केलेला नाही, कारण दुसरीकडे कुणी फुकट घेत नाही.

निकाल आला. वाचन: चाळीसपैकी चौतीस. लेखन: शून्य. पुढे शेरा, 'अनुचित मार्गाचा अवलंब'.

परीक्षेत विषय होता, 'तुमच्या घराने अजून न टाकलेली एक वस्तू'. ठाणे केंद्रावर बारा मुलांनी एकच निबंध लिहिला. घरात पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात वडिलांचा कारखान्याचा खाकी गणवेश आहे. दसऱ्याला वडील ट्रंक उघडतात. कारखान्यातल्या सडक्या अंड्यासारख्या वासाचं ते कापड. आई म्हणते, वास कधीच गेला. वडील म्हणतात, आहे, आणि तो जाऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतात. मुलगी मध्ये उभी आहे आणि आपल्याला वास येतो की नाही हे तिला अजून ठरवता येत नाही.

बारा जणांच्या घरी बारा ट्रंका! तुझ्या क्लासातली अकरा पोरं, कुणाचा बाप बँकेत, कुणाची आई डेंटिस्ट, आणि सगळ्यांनी दसऱ्याला खिडक्या लावल्या. त्यातल्या एकाने घाबरून परीक्षेच्या चौकशी समितीला तुझा 'नमुना क्रमांक चार'चा छापील कागदच देऊन टाकला. खाली क्लासचं नाव, फोन नंबर. समिती म्हणते, कागद क्लासचा, बाराही मुलांनी तो पाठ केला. आपला निबंध मुळात आपला आहे हे रसिकाने सिद्ध करायचं. वही दाखवली तर म्हणतात, वही नंतरही लिहिता येते.

तो निबंध तुझ्यापर्यंत कसा पोचला, ते मी तुला विचारत नाही. तूही मला विचारू नकोस. क्लासच्या लेटरहेडवर एवढंच लिहून दे की हा निबंध रसिकाचा आहे आणि तिला न विचारता तू तो छापलास. सुनावणी चार जूनला आहे. तोंड वर करून मला समजावायला येऊ नकोस, कागद पाठव.

आई


कोपरी
२५ मे

अनिमेष,

तुझा मेसेज मिळाला. पाच दिवसांनी एक ओळ. "आई, तो निबंध तूच ग्रुपवर टाकला होतास."

हो. मीच टाकला होता. अकरा फेब्रुवारीला. रसिकाच्या वहीचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, "डोंबिवलीच्या कुठल्या क्लासातल्या एका तरी पोराला असं लिहिता येईल का?" तू अंगठा टाकलास. मला वाटलं, चिडलास. मनातल्या मनात मी खूश झाले, खोटं कशाला बोलू. दोन वर्षांपूर्वी तू नोकरी सोडून क्लास काढलास, तेव्हा वल्लरीच्या आई-वडिलांसमोर मी त्याला निबंधांचं दुकान म्हटलं होतं. तेव्हापासून तू या घराचा उंबरा ओलांडला नाहीस. तुला टोचायची एक संधी मिळाली, ती मी सोडली नाही. पण त्या पोरीला विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

पण टोमणा मारणं वेगळं आणि छापून वाटणं वेगळं, एवढं कळायला अक्कल लागत नाही. तू तो फोटो उतरवून घेतलास, टाइप केलास, वर क्रमांक घातलास आणि पोरांना म्हणालास, 'घर, वस्तू, आठवण असा कुठलाही विषय आला की हा ठोका.' हे तुझ्याच एका पोराने समितीला लिहून दिलंय. माझी तळपायाची आग मस्तकात गेली ते वाचून. 'ठोका'!

तुला माहीत आहे, ती पोरगी माझ्याकडे आली तेव्हा पहिल्या सराव परीक्षेत तिला वाचनात किती होते? अकरा. कुणीतरी तिला शिकवलेलं, आधी प्रश्न वाचायचे, मग उताऱ्यात तो शब्द कुठे आहे ते शोधायचं. कुणी शिकवलं असेल, सांग बघू? मैत्रिणीकडून तुझ्याच क्लासच्या नोट्स आणलेल्या तिने. पहिला महिना मी तिच्या हातात पेनच दिलं नाही. उतारा मोठ्याने वाच, पुस्तक मिट, आणि तुझ्या आईला, शेवंतीला सांगशील तसा मराठीत सांग. पहिल्यांदा म्हणाली, "बाई, मला सगळे शब्द कळले, पण तो माणूस बोलतोय काय तेच नाही कळलं." मग आम्ही चुकांची वही काढली. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे, तो पर्याय मला बरोबर का वाटला, हे दोन ओळींत लिहायचं. तीन आठवड्यांत तिलाच सापडलं: ती जे पर्याय निवडायची ते जगात खरे असायचे, उताऱ्यात मात्र कुठे नसायचे. त्या दिवशी हसत सुटली. एकोणीस झाले, सत्तावीस झाले, परीक्षेत चौतीस आले. लेखनात तर मी तिला रडवलंय. 'प्राचीन काळापासून मानव' अशी सुरुवात केली की पान फाडायचे. जे पाहिलंस ते लिही, विशेषणं माझ्याकडे ठेव, असं म्हणायचे. ट्रंकेचा निबंध तिने सात वेळा लिहिला. सात वेळा, अनिमेष. तुला झेरॉक्स मशीनवर किती वेळ लागला?

ते जाऊ दे. आता ऐक. तो फोटो तुझ्या फोनमध्ये आहे, अकरा फेब्रुवारी या तारखेसकट. तुझा कागद छापलेला मार्चमधला. म्हणजे निबंध आधी तिचा, हे लहान मूलसुद्धा सांगेल. त्या मेसेजचा स्क्रीनशॉट मला पाठव. माझ्या फोनमध्ये तो आता नाही. जुना फोन, जागा भरली की काही ना काही उडतंच. ग्रुपवर तिसरी वल्लरीच, आणि ती मध्ये पडत नाही.

पत्र देत नसशील तर नको देऊस. एवढा स्क्रीनशॉट तरी दे.

आई


कोपरी
३० मे

अनिमेष,

या वेळी तू मोठा मेसेज लिहिलास. बरं वाटलं असतं, पण तसं काही त्यात नव्हतं. क्लासचं नाव जाईल. अकरा पालक दारात उभे राहतील. बॅच रिकामी होईल. फोटो दिला तर चोरी सिद्ध होते. हे सगळं मला कळतं. शेवटी मात्र लिहिलंस, "आणि आई, तू जन्मभर हेच केलंस. मी फक्त झेरॉक्स काढले."

दोन दिवस घरात भांडी आपटत फिरले. मग माळ्यावरून ती वही काढली.

शाळेतल्या एकतीस वर्षांच्या नोकरीत जो चांगला निबंध हाती येईल तो सुवाच्य अक्षरात त्या वहीत उतरवायचे. मग सगळ्या तुकड्यांत वाचून दाखवायचा, मुलांनी उतरवून घ्यायचा. आदर्श निबंध! एका वर्षी सहामाहीला 'मी पाहिलेला अपघात' आला आणि साठ मुलांनी एकच म्हातारा एकाच निळ्या स्कूटरखाली घातला. आम्ही सगळ्यांना दहापैकी आठ दिले. शिक्षकांच्या खोलीत हसलो आणि चहा प्यायलो. तो निबंध लिहिणारा मुलगा सुधीर, तो म्हातारा खरोखर त्याचे आजोबा होते. हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याला कसं वाटत असेल, असा विचार आज पहिल्यांदा आला, आणि आज तो पन्नाशीला टेकला असेल.

आणि तुझं सातवीचं वर्ष. आंतरशालेय स्पर्धा. तुझा निबंध मी लिहिला, तू पाठ केलास, पहिला आलास. घरी येऊन तू विचारलंस, "आई, कप कुणाचा?" मी म्हटलं, आपला. तुला आठवत नसेल असं समजून मी इतकी वर्षं मूग गिळून बसले होते. तुझ्या मेसेजवरून दिसतंय, तुला आठवतं.

घे, झालं समाधान? तू म्हणतोस ते खरं आहे. मी तुला शिकवलं आणि तू शिकलास. पण यातून रसिकाने काय करायचं ते सांग! माझ्या वहीतल्या पोरांना निदान वर्गासमोर उभं करून टाळ्या मिळायच्या. हिला शून्य मिळालं आणि कपाळावर चोर लिहिलं गेलं. आई-मुलाने एकमेकांवर खापर फोडत बसायचं आणि त्या पोरीने मोहन्याच्या एखाद्या दुकानात काउंटरवर उभं राहायचं, हे मला चालणार नाही. तू चोर आहेस हे मी समितीला सांगणार आहे. मी कोण आहे तेही सांगीन. पण माझ्या नुसत्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? तिला तुझ्या फोनमधली ती तारीख हवी आहे.

पाठव रे. एवढं हात पसरून मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही.

आई


कोपरी
३ जून

अनिमेष,

अजून काही आलं नाही. हे पत्र तुला सुनावणीनंतरच मिळेल, तरी लिहितेय, नाहीतर कुणावर तरी ओरडेन.

सकाळी धोंडीबा वर आला. उद्याची सुट्टी मागून घेतलीय. म्हणाला, "बाई, ट्रंक घिऊन येऊ का? त्येंना उघडून दावतो. गनवेशावर माझा बिल्ला हाय, नंबर हाय. खोटं कसं म्हनतील?" मला हसू येईना आणि रडू येईना. मी म्हटलं, धोंडीबा, ट्रंक खोटी आहे असं कुणी म्हणतच नाहीये. तो म्हणाला, "मग काय म्हनत्यात?"

समजावून सांगितलं. त्याला पटलं नाही. रसिका खाली गेटपाशी उभी होती, वर आली नाही. हल्ली ती माझ्याशी कमी बोलते. सुनावणीचं टेन्शन असेल.

आई


कोपरी
१६ जून

अनिमेष,

हे शेवटचं पत्र. यात मला तुझ्याकडून काही नकोय.

सुनावणीला धोंडीबा ट्रंक घेऊन आलाच. मोहन्याहून रिक्षाने कल्याण, तिथून ठाणे, तिथून घोडबंदर रोडच्या त्या कार्यालयापर्यंत खांद्यावर. शेवंतीही होती. समितीत तिघं, काचेचं टेबल, एसी. धोंडीबाने विचारलंसुद्धा नाही, ट्रंक टेबलावर ठेवली आणि उघडली. रसिका म्हणाली, "बाबा, प्लीज." मधल्या गृहस्थांनी वाकून गणवेशाचा वास घेतला, खरोखर घेतला, आणि सावकाश म्हणाले, "ट्रंक तुमची आहे हे दिसतंय. निबंध हिचा आहे हे यातून कसं दिसणार?" शेवंती तेवढ्यात त्या खोलीतली खिडकी कुठे उघडते ते शोधत होती.

मग मी बोलले. तुझं नाव घेतलं, क्लासचं नाव घेतलं, माझा मुलगा आहे म्हणून सांगितलं. ग्रुपवर फोटो मी टाकला तेही सांगितलं. त्यांनी विचारलं, "फोटो दाखवा." मी म्हटलं, माझ्या फोनमधून उडाला. त्यांनी तुला फोन लावला, स्पीकरवर. तू म्हणालास, "मला आठवत नाही, माझ्याकडे खूप मटेरियल येतं." तुझा आवाज दोन वर्षांनी ऐकला आणि तो हा. शेवंतीने माझ्याकडे पाहिलं. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण घेतलं नाही, बसून राहावं लागलं.

कडेला समितीतल्या एक बाई बसल्या होत्या. म्हणाल्या, "वाचनात चौतीस मिळवणारी मुलगी दुसऱ्याचं पाठ करेल असं मला वाटत नाही. हिला आत्ता लिहू द्या." शेजारची खोली दिली, एक तास दिला, नवा विषय दिला: 'तुम्ही गप्प राहिलात असा एक प्रसंग'. रसिकाने विषय वाचला, मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. पन्नास मिनिटांत बाहेर आली. कसा गेला विचारलं तर म्हणाली, "लिहिलाय."

परवा निकाल लागला. पन्नासपैकी एक्केचाळीस. शून्य रद्द. ऑगस्टमध्ये ती जाणार. धोंडीबाने सोसायटीच्या चाळीसही घरांत पेढे वाटले.

आज सकाळी रसिका आली. कच्च्या कामाचे कागद तिच्याकडेच राहिले होते, ते माझ्यापुढे ठेवले. म्हणाली, "बाई, तुम्ही आधी वाचा. मग मी जाते." आणि उभीच राहिली.

तिने काय लिहिलं ते मी तुला सांगणार नाही. ते तिचं आहे. मी काय केलं ते सांगते, ते माझं आहे.

एकोणीस मेला ती तुझा छापील कागद घेऊन रडत आली, तेव्हा तिने विचारलं, "बाई, तुम्ही माझा निबंध कुणाला दाखवलेला का?" मी म्हटलं, "नाही गं, छे." चहा ठेवते म्हणून आत गेले. गॅस पेटवला, फोन उघडला, अकरा फेब्रुवारीपर्यंत मागे गेले आणि तो फोटो काढून टाकला. खालची ओळही काढली. मग गॅलरीतूनही काढला. फोन जुना नाही, जागा भरलेली नव्हती, काही उडालं नाही. तुला वाचवायला केलं असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं. त्या पोरीसमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून केलं. एकच पुरावा होता माझ्या हातात, तो मी स्वतःच्या अंगठ्याने पुसला आणि मग पंधरा दिवस तुझ्या नावाने बोंब मारत राहिले की पुरावा दे, पुरावा दे!

ती पाण्याची बाटली भरायला स्वयंपाकघराच्या दारात आली होती. मी पाहिलं नाही. तिने पाहिलं. आणि त्यानंतर सुनावणीपर्यंत दोनदा माझ्यासमोर बसून तिने सुनावणीचे कागद लावले, ती चहा प्यायली, पण चकार शब्द काढला नाही.

वाचून संपवलं. एकही विशेषण नव्हतं. शिक्षक म्हणून मला जे हवं होतं ते सगळं त्यात होतं. मी म्हटलं, "रसिका, मी..." ती म्हणाली, "बाई, सॉरी नका बोलू. मी पण गप्प राहिलेली ना. आई विचारायची, बाई काय म्हणतात, तर मी सांगायची, बाई आपल्या बाजूने आहेत." मग म्हणाली, "तुम्ही शिकवलं म्हणून आलं मला लिहायला. ते पण खरं आहे. दोन्ही खरं आहे, म्हणून जास्त राग येतो."

आणि अनिमेष, तुला सांगते, माझा काय स्वभाव झालाय ते ऐक. हे सगळं ऐकून झालं आणि माझा हात चष्म्याकडे किंवा डोळ्यांकडे न जाता टेबलावरच्या फोनकडे गेला. मनात आलं, एक फोटो काढून ठेवावा, केवढं सुंदर लिहिलंय पोरीने, कुणाला तरी दाखवायला हवं. फोन हातात घेतलासुद्धा.

तिने कागदांवर तळहात ठेवला. "नको बाई," म्हणाली.

मी फोन खाली ठेवला. तिने कागद गोळा केले, घडी घातली, बॅगेत टाकले आणि चपला घालून निघून गेली. पाया पडली नाही. मी दार लावून घेतलं आणि हे लिहायला बसले.

आई